ऊटा आय्ता?

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल लागतं. तिथल्या पाट्यांवर कन्नडमध्ये ‘इलवाल’ असं लिहिलेलं असतं. १९८८ साली माझी म्हैसूरला बदली झाली आणि कारखान्याला जवळ पडतं म्हणून मी या गावात खोली घेतली. तेव्हा ती पाटी मला वाचता येत नव्हती. खरं सांगायचं तर वाचायचीच नव्हती.

मी बेळगावचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. माझे वडील सीमा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. दरवर्षी त्या तारखेला आमच्याकडे काळा दिवस पाळला जाई. वडील दंडाला काळी फीत बांधत आणि त्या दिवशी फार बोलत नसत. १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात माणसं गेली, त्याला दोनच वर्षं झाली होती. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी कानडी मला येत होती, पण तिचं एक अक्षरही ओळखायचं नाही, असा माझा नेम होता. राग सरकारवर होता. तो लिपीवर कधी जाऊन बसला, हे माझं मलाच कळलं नव्हतं.

माझ्या खोलीचे मालक निवृत्त शाळामास्तर. सारं गाव त्यांना ‘मेष्ट्रु’ म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्या पत्नीला अम्मा. पहिल्या संध्याकाळी मी ट्रंक आत ठेवतोय तोच अम्मा दारात आल्या आणि म्हणाल्या, “ऊटा आय्ता?” जेवण झालं का? मी खोटंच ‘झालं’ म्हणालो. त्या गेल्या आणि ताट घेऊनच परत आल्या. ताटात नाचणीचा वाफाळता गोळा, म्हणजे मुद्दे, आणि पालेभाजीचं सारु. मी भाकरीसारखा घास चावू लागलो, तर तो दातांना चिकटून बसला. अम्मांनी स्वतःच्या बोटांनी दाखवलं: एवढासा तुकडा तोडायचा, सारात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. नाचणी मी जन्मभर खाल्लेली, पण ती कशी खायची हे तिथे नव्याने शिकलो.

मेष्ट्रुंची आणि माझी खरी ओळख एका पुस्तकामुळे झाली. त्यांच्या ओसरीवर एक जुनं, पाठीला खळ लावून चिकटवलेलं पुस्तक असे. एकदा मी ते नुसतं चाळलं, तर आत विनोबांचं चित्र! “आमच्याकडचे,” मी नकळत म्हणालो. मेष्ट्रु हसले आणि रस्त्याकडे बोट करून म्हणाले, “ते इथे आले होते. चालत.”

त्या एका शब्दावर त्यांनी मला तासभर बसवून घेतलं. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी येलवालला ग्रामदान परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान नेहरू आले, जयप्रकाश आले, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद आले. निवडणुकीत एकमेकांसमोर उभी राहणारी ही माणसं दोन दिवस एकत्र बसली आणि ग्रामदानाला साऱ्यांनी मिळून पाठिंबा दिला. मेष्ट्रु तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, गर्दीत रस्त्याच्या कडेला उभे. “सगळे मोटारीतून उतरले,” ते म्हणाले, “आणि ज्यांच्यासाठी उतरले ते मात्र चालत आले.”

मी मनात हिशोब केला. आमचं घर पहिला काळा दिवस पाळून अजून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा कोकणातल्या गागोद्यात जन्मलेला एक मराठी माणूस याच राज्यात गावोगाव फिरत होता. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचं पहिलं दान मिळालं, तेव्हापासून तो चालतच होता. ज्याच्या दारी जाई त्याला सांगे, पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. पुढे ग्रामदानात तर साऱ्या गावाने आपली मालकी गावाच्या स्वाधीन करायची होती. वचन दिलेल्या जमिनीपैकी पुष्कळशी कागदावरच राहिली, हे मेष्ट्रुंनी लपवलं नाही. पण त्यांना सांगायचं होतं ते वेगळंच. विनोबा कन्नड शिकले ते वेल्लोरच्या तुरुंगात, १९४२नंतर. तमिळ, तेलुगू, मलयाळमही तिथेच. दक्षिणेत चालायला यायच्या कितीतरी आधी. “ज्याच्या दारी कधीतरी जायचं, त्याची भाषा त्यांनी कोठडीत बसून शिकून ठेवली,” मेष्ट्रु म्हणाले.

माझे वडीलही तुरुंगात गेले होते, तेही भाषेसाठीच. दोन तुरुंग माझ्या मनात शेजारी शेजारी उभे राहिले आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

ते पुस्तक ‘गीता प्रवचने’चा कन्नड अनुवाद होता. मूळ प्रवचनं १९३२ सालची, धुळ्याच्या तुरुंगात मराठीतून केलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली. आमच्या घरी त्यांचं रोज वाचन होई, त्यामुळे मला पानंच्या पानं तोंडपाठ. मेष्ट्रुंनी हे ओळखलं आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. “तुम्हाला आत काय लिहिलंय ते माहीत आहे. आता फक्त अक्षरं कुठे बसलीत ते बघा.” मुखपृष्ठावरचा कमानीसारखा ‘ग’ आधी सापडला, मग ‘त’. क ख ग घ चा क्रम तोच, काना-मात्रेची रीत तीच. अर्थ माझा आणि वळणं त्यांची, असं करत महिन्या-दीड महिन्यात मी अडखळत वाचू लागलो. एके सकाळी कारखान्याची बस येण्याआधी नजर वर गेली आणि पाटीवरचं ‘इलवाल’ आपोआप वाचलं गेलं. चार महिने ज्या गावात राहिलो, त्याचं नाव त्या दिवशी वाचलं.

आणि मग १ नोव्हेंबर आला. गावभर लाल-पिवळे झेंडे, शाळेत राज्योत्सव. मी सकाळपासून खोलीचं दार लावून बसलो होतो. दुपारी अम्मांनी कडी वाजवली. “ऊटा आय्ता?” मी मान हलवली, या खेपेला खोटं बोलवेना. अम्मांनी मेष्ट्रुंना बोलावलं आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी त्यांना काळा दिवस सांगितला. वडिलांची फीत सांगितली, तुरुंग सांगितला, गोळीबारही सांगितला. मध्ये त्यांनी एकदाही ‘पण’ म्हटलं नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “मी तीस-बत्तीस वर्षं मुलांना हा दिवस शिकवला. या दिवशी कोणाच्या घरी चूल थंड असते, हे मला ठाऊकच नव्हतं.” संध्याकाळच्या सभेत त्यांचं भाषण ठरलेलं होतं. ते गेले नाहीत. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिले, आणि दिवेलागणीला अम्मांनी आम्हा दोघांना ताक दिलं.

सीमाप्रश्नावरचं माझं मत त्यांनी कधी बदलायला सांगितलं नाही आणि ते बदललंही नाही. बेळगावचा दावा आजही मी मांडतो. पण त्या संध्याकाळी दावा एका बाजूला झाला आणि भाषा दुसऱ्या बाजूला. ती गाठ मला घरी बसून सुटली नसती. तिच्यासाठी शेकडो मैल लांब जाऊन कोणाच्या तरी ताटात जेवावं लागलं.

दीड वर्षाने मी परत निघालो तेव्हा मेष्ट्रु म्हणाले, “मला मराठी अक्षरं लिहून द्या. ते पुस्तक मुळातून वाचायचंय.” मी एका वहीत बाराखडी लिहून दिली.

सहा-सात महिन्यांनी बेळगावच्या घरी एक पोस्टकार्ड आलं. वडिलांच्याच हाती पडलं. मोठी, थरथरती, ओळ सोडून खाली उतरलेली देवनागरी अक्षरं, आणि त्यात एकच वाक्य: ‘तूम्ही जेवलात का?’ खाली मेष्ट्रुंचं नाव.

वडिलांनी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या बाबतीत ते फार कडक. खिशातलं पेन काढून त्यांनी ‘तू’वर टेकवलं, क्षणभर थांबले आणि पेन परत खिशाला लावलं.

“दीर्घ झालाय,” ते म्हणाले. “राहू दे तसाच.”

मग कार्ड माझ्या हातात देत म्हणाले, “उत्तर त्यांच्या अक्षरात लिही. आणि माझाही नमस्कार घाल.”