दोन रविवारच्या गोळ्या



कांद्याची लागण परवा उरकली. दोन एकर, रोप घरचंच. वाफसा चांगला मिळाला, आंबवणीचं पाणी उद्या देतोय. थ्रिप्स आणि करप्याचं पुढच्या टिपणात लिहितो. आज पिकाचं कमी आणि माझं जास्त आहे. कारण या महिन्यात तिघांनी फोन करून एकच विचारलं, "तुम्ही फ्लूची लस घेतली म्हणे, तुम्हाला ती चालते का?"

जुन्या मंडळींना माहीत आहे, मला सहा वर्षांपासून आमवात आहे. डॉक्टरी भाषेत रूमेटॉइड. वय झालं की गुडघे धरतात, तो हा नव्हे. यात अंगाची राखण करणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. राखणीला ठेवलेलं कुत्रं घरच्यालाच चावायला लागावं, तसं. त्याला आवर घालायला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आहेत. आठवड्यातून एकदाच, माझ्या रविवारी. चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेततं, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक रविवारी बायको लाल खूण करते. दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त, लिव्हर, किडनीची तपासणी.

अडचण अशी, की कुत्र्याला साखळी घातली की चोरालाही थोडी मोकळीक मिळते. गेल्या हिवाळ्यात साधा ताप म्हणून चार दिवस अंगावर काढला. तो छातीत उतरला. आठ दिवस दवाखान्यात पडून होतो आणि इकडे कांद्यावर करपा फिरला. फवारणीची वेळ गेली ती गेलीच. पिकाचं नुकसान भरून निघेल, पण त्या आठ दिवसांत घरच्यांचे चेहरे पाहिले ते विसरत नाही.

म्हणून यंदा नोव्हेंबरात सांधेवाल्या डॉक्टरांना सरळ विचारलं, "साहेब, लस घेऊ का?"

ते म्हणाले, "घ्याच. फक्त इंजेक्शनची घ्या, नाकात मारायची नको."

कारण आपल्या गोठ्यातलंच आहे. लाळ्या-खुरकूतची लस मेलेल्या विषाणूची असते, म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. ब्रुसेलोसिसची कालवडींना देतात ती एस-१९ लस जिवंत जंतूंची, कमजोर केलेली. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला आयुष्यात एकदाच. माणसांच्या लसींतही हे दोन प्रकार आहेत. फ्लूचं इंजेक्शन मेलेल्यातलं, धनुर्वाताचं आणि रेबीजचंही त्यातलंच. नाकातली फ्लूची लस जिवंत. माझ्यासारख्याला जिवंत लस सहसा देत नाहीत, कारण कमजोर जंतूलाही आवरायची ताकद अंगात पुरेशी नसली तर तोच त्रास देतो.

पण पुढे डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या चालू असताना लस थोडी कमी लागू पडते. सांधे सध्या शांत आहेत. लस घेतल्यावर दोन रविवार गोळ्या थांबवल्या तर चांगली लागू पडेल. पण सांधे उचल खाऊ शकतात. काय करता?"

आता आली का पंचाईत! समोर लागण, मजुरांची बोली झालेली. तेव्हा हात आखडले तर? घरी येऊन बायकोशी बोललो. ती म्हणाली, "लागण मजूर करतील. छातीतला ताप मजूर घेणार आहेत का?" विषय संपला.

लस घेतली. पहिला रविवार कोरा गेला, काही नाही. दुसऱ्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पंपाचा दट्ट्या धरवेना. बोटांची पेरं सुजली. फवारणी मुलानं केली, मी बांधावर बसून बघत होतो. शेतकऱ्याला बांधावर बसवणं हीच मोठी शिक्षा. तिसऱ्या रविवारी ठरल्याप्रमाणे गोळ्या सुरू केल्या. आज हात सत्तर टक्के वळतो. पुढच्या वर्षी गोळ्या थांबवीन की चालू ठेवून लस घेईन, हे तेव्हाचे सांधे बघून डॉक्टरांबरोबर ठरवीन. पण लस घेईन, हे नक्की.

त्यातच गेल्या आठवड्यात जनावरांचे डॉक्टर कालवडीला ब्रुसेलाची लस टोचायला आले. दरवेळी वासरू मीच धरतो. या वेळी आधीच सांगितलं, "साहेब, मला अशी अशी गोळी चालू आहे."

ते म्हणाले, "मग तुम्ही लांब थांबा. ही लस चुकून माणसाला टोचली किंवा डोळ्यात उडाली तर चांगल्या धडधाकट माणसाला आजार होतो."

शेजारचा हसला, "काय राव, वासराला भ्यायला लागलात?" कान तापले, खोटं कशाला बोलू. पण लांबच थांबलो. मुलानं हातमोजे आणि चष्मा घालून वासरू धरलं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. तीन वर्षांपूर्वी मळमळीला कंटाळून गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या आणि बाजारच्या गावाहून सांधेदुखीची पुडी आणली. तीन दिवसांत पळायला लागलो! दोन महिन्यांत तोंड सुजलं, साखर वाढली, आणि पुडी संपल्यावर अंथरुणातून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, बहुतेक स्टेरॉइड असणार. स्टेरॉइड हे औषध म्हणून वाईट नाही, सुरुवातीला त्यांनीही मला दिलं होतं. पण मोजून, आणि हळूहळू कमी करत बंद केलं. पुडीत किती होतं, कुणाला ठाऊक? लेबल नसलेलं औषध आपण कांद्यावर मारत नाही, पोटात मात्र घातलं.

दुसरी गोष्ट गेल्या वर्षीची. लघवीच्या जळजळीला एका ठिकाणी कोट्रायमॉक्साझोल लिहून मिळालं. मीही रविवारच्या गोळ्यांचं सांगितलं नव्हतं. मेडिकलवाल्या पोरानं विचारलं, "काका, दुसरं काय चालू आहे?" आणि गोळ्या हातात दिल्याच नाहीत. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तातल्या पेशी धोक्याइतक्या कमी होऊ शकतात. टाकीत दोन औषधं घालण्याआधी आपण बाटलीत मिसळून बघतो, फाटतं का ते. पोटात तशी सोय नाही. तिथं विचारणं हीच बाटली.

तेव्हापासून खिशात एक चिठ्ठी असते. आजार, गोळी, वार, शेवटच्या रक्ततपासणीची तारीख. कुत्रं चावलं, पाय कापला, ताप आला, कुठंही गेलो की आधी चिठ्ठी पुढे करतो.

माझं वाचून कुणी गोळी बंद करू नका, सुरूही करू नका. तुमची जमीन वेगळी, माझी वेगळी. तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना लाजू नका.

उद्या पाणी भरायला मीच जाणार आहे. दारं धरण्याइतका हात वळतोय.