बेचिराग

भुताच्या गोष्टी सांगाव्यात त्या दिवाळीतच, असे माझे जुने मत आहे. अवसेची काळोखी रात्र असते, घर पाहुण्यांनी भरलेले असते, चिवड्याचा डबा हाताशी असतो आणि भीती वाटलीच तर अंगणात पणत्या जळत असतात. अशा वेळी भिण्यातसुद्धा एक चैन असते. एरवी आम्हा चांद्याकडच्या माणसांना भिण्यासाठी मुद्दाम काही करावे लागत नाही. अंधार पडल्यावर गावाबाहेरच्या वाटेने चालू लागले की ते काम आपोआप होते, आणि समोरून येणारे भूत निघाले तर माणूस सुटकेचा निःश्वासच टाकेल.

तेव्हा दिवाळीला आलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, एक सिनेमा आणलाय. आख्खे गावच्या गाव नाहीसे होते!" आणि आम्ही सगळे लहानथोर मोठ्या आशेने मांडी ठोकून बसलो. सिनेमाचे नाव 'यलोब्रिकरोड'. २०१० साली जेसी हॉलंड आणि अँडी मिटन या दोघा अमेरिकन दिग्दर्शकांनी तो थोडक्या पैशांत काढला. कल्पना अशी की, १९४० साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या फ्रायर नावाच्या गावातली झाडून सगळी, म्हणजे ५७२ माणसे एके दिवशी उठली आणि रानातल्या एका वाटेने चालू लागली. काहींची प्रेते सापडली. बाकीच्यांचा मागमूस लागला नाही. पुष्कळ वर्षांनी काही संशोधक मंडळी नकाशे आणि यंत्रे घेऊन त्याच वाटेने निघतात. हे गाव आणि ही घटना सारी कल्पित आहे; पण कल्पना झकास आहे, यात शंका नाही.

पहिला अर्धा तास घरात कोणी हूं की चूं केले नाही. रानातून कुठूनतरी जुन्या काळच्या गाण्यांचे सूर येऊ लागतात, दिशा दाखवणारे यंत्र भलभलत्या देशांची नावे सांगू लागते, तेव्हा धाकटी मंडळी मोठ्यांच्या कुशीत सरकली. मग मात्र गाडी घसरली. चालणारे चालतच राहिले, सूर वाढत राहिले, आणि एका टोपीपायी सख्खा भाऊ बहिणीचा जीव घेतो तेथे आमची ताई उठून करंज्यांचे पाहायला आत गेली. भाऊबीज दोन दिवसांवर आली असताना तिला ते पाहवेना. शेवटी वाटेच्या टोकाला पाहतो तो एक सिनेमाघर! गाव गेले कुठे, का गेले, याचा उलगडा नाहीच. मुले हिरमुसली आणि भाच्याने सारा दोष बजेटवर ढकलला.

मला काही ते पटले नाही. पैसा थोडा असला म्हणजे खेळ पडतो, हे निदान झाडीपट्टीच्या माणसाला सांगू नये. भाऊबीज झाली, धान घरात आले की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजहून कंपन्या निघतात आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतल्या खेड्यांतून होळीपर्यंत रात्र रात्र नाटके रंगतात. रान दाखवायचे तर रंगवलेला पडदा, वादळ दाखवायचे तर वाद्यांचा गोंगाट. तरीही नाटकातला पोरगा घर सोडून निघाला की कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या सेवेबद्दल. त्या बाया रडतात, कारण दोन अंक तो पोरगा त्यांच्या ओळखीचा झालेला असतो. त्याला काय आवडते, तो कोणाशी भांडतो, हे त्यांना ठाऊक असते. फ्रायरच्या ५७२ माणसांपैकी एकाचीही अशी ओळख सिनेमाने करून दिली नाही. जे आमच्यासाठी कधी नव्हतेच, ते गेल्याचे आम्हाला काय वाटावे?

उलगडा नसणे हा मोठा दोष नव्हे. अमेरिकेच्याच इतिहासात गाव हरवल्याची एक खरी गोष्ट आहे. १५८७ साली रोअनोक बेटावर शंभराहून अधिक इंग्रज बायका-पुरुष-मुले वस्तीला आली. त्यांचा पुढारी जॉन व्हाइट रसद आणायला मायदेशी गेला आणि स्पेनशी जुंपलेल्या युद्धामुळे तिकडेच अडकला. १५९० साली परत येऊन पाहतो तो वस्ती रिकामी. एका खांबावर मात्र 'क्रोएटोअन' हा एक शब्द कोरलेला. हे जवळच्याच एका बेटाचे आणि तिथल्या मूळ रहिवाशांचे नाव. म्हणजे पाहू गेले तर मंडळींनी आपला पत्ता लिहून ठेवला होता! पण वादळाने व्हाइटला तेथवर जाऊ दिले नाही. त्या वस्तीत त्याची मुलगी होती, आणि तो निघाला तेव्हा अवघी काही दिवसांची असलेली नात होती. त्यांची त्याची पुन्हा भेट झाली नाही. चारशेहून अधिक वर्षे झाली, उलगडा पुरता झालेला नाही. तरी त्या किनाऱ्यावर उभा राहिलेला आजोबा डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि गाव नाहीसे होणे ही गोष्ट आम्हाला तरी कुठे नवी आहे? जुन्या महसुली दप्तरांत ओसाड गावाला 'बेचिराग' म्हणत. 'बे' म्हणजे विना, 'चिराग' म्हणजे दिवा. लोकांनी पुढे त्या शब्दात राख पाहिली आणि 'बेचिराख' म्हणजे जळून खाक झालेले, असा अर्थ रूढ केला. पण मूळ फारसी शब्दात आग नाही, धूर नाही. जेथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव बेचिराग, एवढेच. कारकुनाने घातलेला शब्द आहे. पण आठवडाभर त्या सिनेमातल्या किंकाळ्या ऐकल्या असत्या तरी मला एवढी हुरहूर लागली नसती.

आमच्या भागात अशा गावाला रीठ म्हणतात. दुष्काळ पडे, पटकी येई, पेंढारी येत, पाणी आटे. माणसे उठून जात आणि मागे नाव तेवढे उरे. माझ्या आजीचे माहेर ब्रह्मपुरीकडे, वैनगंगेच्या बाजूचे. तिच्या भावाच्या धानाच्या बांध्यांना लागून अशीच एक रीठ होती. माती पांढरी, चिंचेची चार जुनी झाडे, बुजलेली विहीर. नांगर घातला की खापऱ्या निघत, एकदा फुटक्या जात्याची तळी निघाली होती. "तेथं गाव होता, बापू," एवढ्यावर आजी थांबत नसे. विहिरीजवळ लोहाराचे घर होते, कोपऱ्यातल्या म्हातारीच्या शेळ्या साऱ्या गावाला त्रास देत, अशी तिने कधी न पाहिलेल्या माणसांची वर्णने ती सांगे. तिला ती तिच्या आजीने सांगितलेली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिच्या माहेरचे कोणीतरी एक पणती त्या चिंचेखाली ठेवून येई. भुतांसाठी का, असे मी विचारले, तेव्हा आजी रागावली. "भुतं कायची? शेजारी होते ते!"

हे सारे जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभ्यात बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी अशी गावे होती. २००७ साली बोटेझरीपासून सुरुवात होऊन तेथली घरे उठत गेली आणि रानाबाहेर नव्या जागी वसली. यात गूढ काही नाही. बैठका झाल्या, कागद झाले, मोबदले ठरले. वाघाला जागा हवी हे खरे, आणि पोरांना शाळा, आजाऱ्याला दवाखाना, घरापर्यंत रस्ता हवा हेही तितकेच खरे. रानाबाहेर पडल्याचे समाधान मानणारे आहेत, रान आठवून गप्प बसणारेही आहेत. घरे होती तेथे आता गवताची कुरणे झाली आहेत. चितळे चरतात, गाड्या थांबतात, पाहुणे वाघाची वाट पाहतात. गवतात उभे असलेले एखादे आंब्याचे झाड पाहून, हे कोणी लावले असेल, असे मनात येणारा पाहुणा विरळा.

म्हणून दुसऱ्या दिवशी मुले त्या सिनेमाची टर उडवू लागली तेव्हा मी त्यांना आजीची रीठ सांगितली. विहीर, लोहार, म्हातारीच्या शेळ्या, सगळे सांगितले. भाच्याने विचारले, "मग ती माणसे गेली कुठे, मामा?" मी म्हटले, "कोणी नागभीडला गेली असतील, कोणी चांद्याला. कदाचित आपणही त्यांच्यातलेच असू." यावर धाकटी भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की, त्या म्हातारीचे नाव काय होते? आजीने ते सांगितले होते. मी तिला सांगितले, आणि तिने ते दोनदा म्हणून पाहिले.