‘सेटल्ड’

‘मॅडम, तुमच्या सिबिल रिपोर्टमध्ये एक क्रेडिट कार्ड सेटल्ड दिसतंय,’ बँकेतले लोनचे साहेब म्हणाले, तेव्हा मला बरंच वाटलं. सेटल्ड म्हणजे मिटलेलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. महिन्यामहिन्याचे चौकोन होते: ०००, ०००, मग ०३०, ०६०, ०९०. इतके दिवस थकलेलं बिल. आणि सेटल्डचा अर्थ, मी पूर्ण फेडलं नाही, बँकेने उरलेल्यावर पाणी सोडलं.

कार्ड २०१९ मध्ये मॉलमधल्या टेबलावर घेतलेलं. पहिलं वर्ष फुकट. एकदाही वापरलं नाही. नंतर वार्षिक फी लागली, जीएसटी धरून ५९० रुपये. बिलं जुन्या ऑफिसच्या ईमेलवर जात राहिली. वर्षभर न वापरलेलं कार्ड ग्राहकाला कळवून बंद करायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ चा. माझं प्रकरण त्याआधीचं.

वसुलीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. ‘६,४०० झालेत मॅडम, आज २,५०० भरा, विषय संपला.’ हात पुसून भरले. व्यवहाराचा नंबर कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. ३,९०० वाचवले म्हणून आईला अभिमानाने सांगितलं. ही सवलत माझ्या नावापुढे लिहिली जाणार आहे, हे त्या माणसाने सांगितलं नाही. एक वाक्य पुरलं असतं. मी त्याच दिवशी सगळे ६,४०० भरले असते! पैसे होते माझ्याकडे.

मिठागर रोडवरचा वन बीएचके ठरला होता, ५१ हजार टोकन दिलं होतं. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात, साडेसातशेच्या पुढे असेल तर बँका खूश. नवऱ्याचा ७८० च्या वर, माझा ६६१. साहेबांनी तोडगा काढला: ‘अर्जातून तुमचं नाव काढू.’ पण घराच्या करारात नाव असणाऱ्या प्रत्येकाला बँका कर्जातही घेतात. म्हणजे घरावरूनही माझं नाव जाणार. अकरा वर्षं ठाणे-सीएसएमटी लोकलला लटकून साठवलेल्या पैशांच्या घरावर माझंच नाव नाही. मी नाही म्हटलं. माझा पगार धरला नसता तर कर्जही कमीच बसलं असतं, पण नकाराचं खरं कारण ते नव्हतं.

उरलेले ३,९०० भरले, नो ड्यूजचं पत्र घेतलं, तेव्हा सेटल्डचं क्लोज्ड झालं. चौकोन तसेच राहिले. तुम्हीही फोनवर सवलत घेण्याआधी ‘क्लोज्ड लिहिणार की सेटल्ड?’ हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढा.

त्या फोनवाल्यावर अजून चीड येते. पण कर्ज देणाऱ्याने मागचा हिशेब पाहू नये, असंही मला म्हणवत नाही. माझ्या भावाने उसने मागितले तर मीही पाहीनच. ईमेल बदलल्याचं कळवलं नव्हतं मी.

घरमालक काकांनी टोकन पूर्ण परत केलं. नवरा म्हणतो, तेव्हा त्याच्या एकट्याच्या नावावर छोटं घर घेऊन पुढे माझं नाव चढवता आलं असतं. या विषयावर आमचं अजून एकमत नाही.