गंगाखेडचा काकडा

गाण्यातले मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण मराठीची प्राध्यापिका या नात्याने गेली अठरा वर्षे मी पुण्यात जनाबाई शिकवते आहे. तिची नामदेवांच्या घरची चाकरी, तिच्या अभंगांतले दळण-कांडण आणि शेणी, यांवर मी तासभर सहज बोलू शकते. अशा बाईने जनाबाईचे जन्मगाव पाहिलेले नसावे! माझी धाकटी जाऊ नेमकी तिथलीच. मागल्या भाऊबिजेला ती म्हणाली, "ताई, पुस्तकातली जनाबाई पुष्कळ झाली. आता माझ्या माहेरी चला."

लातूरकडून नांदेडला जाणारी गाडी परळी सोडून पुढे गेली की परभणी जिल्ह्यातले हे गंगाखेड लागते. गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. पण इथे तिला गोदावरी कोण म्हणतो? ती गंगा. आपण 'मंडईत जाऊन येते' म्हणावे, तितक्या सहजपणे इथल्या बायका 'गंगेवर जाऊन येते' म्हणतात. नदीकाठी देवळे आहेत, जनाबाईचे मंदिर आहे. या गावाला दक्षिण काशी म्हणतात. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच इथून पंढरपुरास गेली आणि दामाशेटींच्या घरची झाली, असे परंपरा सांगते. तेराव्या-चौदाव्या शतकांतली ही गोष्ट; पण मावशींनी, म्हणजे माझ्या जावेच्या आईने, ती मला अशी सांगितली, की जणू शेजारची पोर परवाच गाव सोडून गेली आहे!

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत इकडे पहाटेचा काकडा चालतो. पहाटे चारला मावशींनी मला उठवले. गल्लीतल्या देवळात वीसपंचवीस माणसे जमली होती. किराणा दुकानदार, एक कंडक्टर, दोन शाळकरी मुले, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका. एकाच्या गळ्यात वीणा, एकापुढे मृदंग, बाकीच्यांच्या हाती टाळ. आणि हो, छपरावर कर्णा! त्या कर्ण्याच्या खरखरीत मला शब्द कळेना की सूर. हेच ऐकायला का मी एवढ्या लांब आले, असे मनात येते न येते तोच वीज गेली.

गाणे मात्र थांबले नाही. समईच्या उजेडात तेच गाणे एकाएकी माणसांचे झाले. कंडक्टरचा आवाज भरदार होता, एका आजीबाईंचा चिरका. मृदंगावरची थाप फरशीतून पायाला कळत होती. कुणी श्रोता नव्हता आणि कुणी गवई नव्हता. एकाचा श्वास संपला की दुसरा ओळ उचलून धरी. अठरा वर्षे जे मी छापील पाहिले होते, ते मुळात असे होते तर!

दुपारी मावशींच्या ओसरीवर बायकांचे भजन बसले. मध्येच एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी बी म्हना एक." मी गडबडले. गाण्याऐवजी जनाबाईच्या एका अभंगाचा अर्थ सांगू लागले. म्हातारीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अर्थ आमाला ठाव हाय, माय. गळ्यातून काढा."

गळ्यातून काय काढणार? माझी आजी पहाटे जात्यावर बसे, तेव्हा तिच्या मांडीवर डोके ठेवून मी निजत असे. तिच्या ओव्यांत माझे नाव गुंफलेले असे, एवढे आठवते. पुढे गावात पिठाची गिरणी आली. जाते परसात तुळशीशेजारी जाऊन बसले, आणि ओव्याही बसल्या. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. याच परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज 1996 साली ध्वनिमुद्रित झाला. त्या साली मी अकरावीत होते आणि आजी धडधाकट होती. परक्यांनी परक्यांच्या आज्यांपुढे बसून ऐकले. मी घरच्या आजीपुढे वही घेऊन बसले. पण ती अभ्यासाची!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मावशींच्या आधी उठले. देवळात कुणीतरी माझ्या हाती टाळ दिले. पहिल्याच ओळीला ठेका चुकला. मी ओशाळून थांबले, तशी कालचीच म्हातारी कोपराने ढोसून म्हणाली, "चुकू द्या, थांबू नका." मी थांबले नाही. कुणी हसलेही नाही.

पुण्याला परतल्यावर तडक आत्याकडे गेले. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. "आजीच्या ओव्या आठवतात का गं?" म्हटल्यावर ती आधी "छे, छे" म्हणाली. मग डोळे मिटून, हात जात्यासारखा गोल फिरवीत, हळूहळू अकरा ओव्या म्हणाली. हात थांबला की तिचे शब्दही अडत. अकरावीत माझे नाव होते.

त्या अकरा मी लिहून घेतल्या आहेत. आता पाठ करते आहे, मोठ्याने. शेजाऱ्यांची अद्याप तक्रार नाही.