गाटा लूप्सच्या वर

सरचू मागे पडलं, गाटा लूप्सची २१ वळणं सुरू झाली आणि गाडीतल्या गप्पा आपोआप थांबल्या. विरळ हवेत एक वाक्य पुरं करायलाही दम लागतो. मनाली-लेह रस्त्यावर नजर शिखरांवर खिळावी; माझी अडकली डांबराच्या पिंपाशेजारच्या मजुरांवर. तोंडाला फडकं, हातात फावडं. ‘झारखंडचे, दुमक्याकडचे,’ ड्रायव्हरदादा म्हणाले. हिवाळ्यात बर्फाने उखडलेला रस्ता दरवर्षी हीच माणसं पुन्हा उभा करतात. एकाने हात उंचावला, मीही. पुढे मोरे मैदान, अफाट, रिकामं. तांगलांग ला ही खिंड तर ५,३०० मीटरच्याही वर. सगळे फोटो काढत होते. मला कृतज्ञता वाटत होती, तिच्यात काहीतरी टोचतही होतं. इतक्या उंचीवर हात उंचावणाऱ्या त्या मजुराला रात्री झोप लागत असेल? घरी फोन कुठून करत असेल?