शिवराज ‘नांदेडचा’ कधी झाला?

थोडं लांब झालंय. कुस्तीत रस नसेल तर सोडून द्या. पण २ फेब्रुवारीच्या रात्री ज्यांनी मला मेसेज करकरून झोपू दिलं नाही, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

त्या रात्री अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ भिडले. पंचांनी शिवराजला चितपट दिलं. तो म्हणाला, माझे दोन्ही खांदे टेकले नाहीत, व्हिडिओ बघा. बाचाबाची झाली, त्यानं पंचांची कॉलर धरली आणि लाथ घातली. पुढं अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी हुज्जत घालून काही सेकंद बाकी असताना मैदान सोडून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. शिवराज आणि महेंद्र, दोघांनाही तीन-तीन वर्षांचं निलंबन.

आणि मी? मी घरी खुर्चीत बसून दहा मिनिटांत मथळा टाकला, ‘नांदेडच्या मल्लावर अन्याय!’ उद्गारचिन्हासकट. व्हिडिओ एकदाच बघितला होता, तोही मोबाइलवर, एका हातात भाकरीचा घास धरून. लाइक धो-धो आले. तुमच्यापैकीच कितीतरी जणांनी शेअर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता वस्तादांचा फोन. कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात तालीम चालवतात, वय सत्तरीच्या पुढं. नाव लिहीत नाही, त्यांना आवडत नाही.

“काय लिवलास रे बाबू रातच्याला?”

म्हटलं, वस्ताद, आपल्या पोरावर अन्याय झाला म्हणून लिहिलं.

“आपला? तो पोरगा नांदेडात किती रात्री झोपलाय, ते बी लिव की मग.”

फोन बंद. दोन महिने झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट.

शिवराज राजगुरुनगरचा. म्हणजे पुणे जिल्ह्याचा. घडला पुण्यात, काका पवारांच्या तालमीत. काका पवार आपल्या लातूरचे, अर्जुन पुरस्कार मिळवलेले, त्यामुळं ओढून ताणून मराठवाड्याशी नातं लावता येतं. महाराष्ट्र केसरीत तो उतरतो नांदेडच्या नावानं. यात त्याची काही चोरी नाही. पुण्यात एकेका वजनात इतके तगडे पैलवान की जिल्हा निवड चाचणीतच निम्मे घरी जातात. मग जिथं जागा मोकळी, तिथून खेळायचं. ही वाट त्यानं काढलेली नाही आणि तो एकटाही चाललेला नाही. आयपीएलमध्ये रांचीचा धोनी चेन्नईचा ‘थला’ होतो, तेव्हा आपण टाळ्याच वाजवतो ना?

पण फरक आहे. चेन्नईत धोनी दिसतो तरी. तिथलं पोरगं त्याला स्टेडियमवर बघतं. आपल्या शिवराजला मी, वीस वर्षं या जिल्ह्यात पत्रकारिता करणारा माणूस, एकदाही नांदेडात भेटलेलो नाही. पोरगा गुणाचा आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात पहिल्यांदा गदा घेतली तेव्हा मी नाचलो होतो. पण नाचताना माझ्या जिल्ह्यातल्या एका तरी आखाड्यात त्यामुळं मातीची एक पाटी वाढली का, हे विचारायचं राहून गेलं. जिल्ह्याचं नाव उसनं द्यायचं असेल तर जरूर द्या. मात्र त्या बदल्यात वर्षातले पंधरा दिवस तरी या मल्लानं इथल्या पोरांबरोबर लढत करावी, अशी अट घालायला काय हरकत आहे? कुणाचं काय जातं?

आता लाथेचं. लाथ चूकच. कुस्तीत पंचाला हात लावायचा नाही, हे पोर लंगोट बांधायला शिकतं त्याच दिवशी त्याला सांगतात. त्यावर चर्चाच नको. पण लाथेवर चार दिवस चर्चा झाली आणि ‘व्हिडिओ बघा’ या मागणीवर चार मिनिटंही नाही. ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चितपटीला दोन्ही खांदे एकाच वेळी टेकावे लागतात, आणि तो निकाल मधला पंच एकटा देत नाही, बाजूच्या अधिकाऱ्यांचा दुजोरा लागतो. गुणांवर वाद असेल तर कोपऱ्यातून प्रशिक्षक चॅलेंज टाकतो, व्हिडिओ बघतात, चॅलेंज फसलं तर समोरच्याला एक गुण. म्हणजे व्यवस्था आहे. मग ती हजारो प्रेक्षकांना दिसेल अशी का नाही? क्रिकेटमध्ये डीआरएस मोठ्या पडद्यावर दाखवतात. पायचीत दिलेला फलंदाज पडद्यावर तीन लाल दिवे बघतो आणि मान खाली घालून जातो. भांडण तिथंच मिटतं. आपल्याकडं मैदानात नेत्यांचे फ्लेक्स पडद्यापेक्षा मोठे.

हे पहिल्यांदा झालं असंही नाही. जानेवारी २०२३ ला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रला चार गुण दिले, त्यावरून महिनाभर राज्य पेटलं होतं. पंचांना धमक्यांपर्यंत प्रकरण गेलं. तेव्हाच धडा घेतला असता तर अहिल्यानगर टळलं असतं, असं माझं मत. तुमचं वेगळं असेल तर खाली लिहा, शिव्या न देता.

आणि दोन संघटनांचा घोळ. नोव्हेंबर २०२३ आठवा. एकाच पंधरवड्यात दोन महाराष्ट्र केसरी! फुलगावला सिकंदरनं शिवराजला हरवून एक गदा घेतली. मग धाराशिवला त्याच शिवराजनं हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी घेतली. मी तेव्हा बातमी लिहिताना अडकलो होतो, विद्यमान महाराष्ट्र केसरी कुणाला म्हणायचं? २०२५ मध्येही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला मोहोळ, मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. १९६१ साली ही स्पर्धा सुरू झाली ती आपल्या औरंगाबादेत, दिनकर दह्यारी पहिले मानकरी. ते एक नाव त्या वर्षाचं, बस्स. आता वर्ष सांगितलं की लोक विचारतात, “कोणत्या संघटनेचं?” निलंबनाचंही तसंच. घरात दोन चुली झाल्या की एकीवर उपाशी ठेवलेलं पोर दुसरीवर जेवून येतं. मग शिक्षेची भीती कुणाला? पुढाऱ्यांना यात काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पैलवानाला काय मिळतं? दोन ठिकाणी दुखापतीचा धोका.

आता तुम्ही म्हणाल, मराठवाड्याला स्वतःचे पैलवान नव्हतेच का? होते की. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, पुढं रुस्तुम-ए-हिंद, १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, आणि १९७७ ला बेळगावात सतपालला लोळवलेलं. माझी सासुरवाडी निलंग्याची. तिथले म्हातारे त्या कुस्तीबद्दल अजून असं बोलतात की जणू स्वतः बेळगावात मातीत बसून बघितली. हिशेब लावला तर त्यातले निम्मे तेव्हा शाळेतही गेले नव्हते. पण ऐकून घ्यायचं, सासरेबुवांसमोर हिशेब लावायचा नसतो. बिराजदारांनी पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. बीड जिल्ह्यातला राहुल आवारे त्यांच्याच हाताखालचा, २०१८ ला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन आला.

आणि जानेवारी २०२० विसरू नका. बालेवाडीत अंतिम लढत हर्षवर्धन सदगीर विरुद्ध आपला शैलेश शेळके. औसा तालुक्यातला पोरगा, लातूरच्या नावानं खेळलेला आणि लातूरचाच. एका गुणानं हरला. दोघं एकाच काका पवारांचे पठ्ठे. जिंकल्यावर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. माझ्या फोनमध्ये तो फोटो अजून आहे. त्या रात्री लातुरात कुणी अन्याय झाला म्हणालं नाही, मीसुद्धा नाही.

फोन आल्यानंतरच्या रविवारी मी वस्तादांकडं गेलो. चुकलं असं तोंडावर म्हणायला जमलं नाही, म्हणून तालमीवर बातमी करायची आहे असं सांगितलं. पत्र्याचं शेड, हौदात माती, त्यात ताक-तेल-हळद मुरवलेलं. कोपऱ्यात मॅटचे चार जुने तुकडे, दोन ठिकाणी फाटलेले. सहा पोरं. त्यातलं एक सतराचं, सत्तावन्न किलोचं, पट काढायला इतकं चपळ की मला पापणी लवायची सोय नाही.

“हे पोरगं पुण्याला का नाही पाठवत?” मी विचारलं.

वस्तादांनी बोटावर हिशेब मांडला. रोज दोन लिटर दूध, बदाम, तूप, फळं, खोलीभाडं. महिन्याला बारा-पंधरा हजार कुठं गेले नाहीत. बापाला चार एकर कोरडवाहू. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ आणि याच्या बापानं विकलं चार हजारानं.

“तिकडची पोरं आपल्या जिल्ह्याच्या नावानं खेळतेत,” वस्ताद म्हणाले, “आपल्या पोराला आपल्या जिल्ह्याच्या नावानं खेळायला बी पुण्याला जावं लागतंय. हे लिव.”

लिहिलं. बातमी आली सहाव्या पानावर, जाहिरातीखाली, दोनशे शब्द. शेअर झाली अकरा.

परवा वस्तादांचा पुन्हा फोन होता. जत्रांचे दिवस आहेत, शेजारच्या गावच्या फडात त्या पोरानं दोन कुस्त्या मारल्या, एक दीड हजाराची, एक नारळाची. फोटो पाठवलाय, फेटा बांधलेला, पाठीला माती. वस्ताद म्हणाले, छाप. मी म्हटलं, नाव आणि गाव नीट सांगा, या वेळी चुकायला नको.