जन्माचा रकाना

जून लागला कीं सानगडीसारख्या गांवीं शाळेचें दाखल-खारिज रजिस्टर टेबलावर येतें आणि नव्या मुलांचीं नांवें त्यांत चढूं लागतात. संगणकाच्या जावा भाषेंतील कन्स्ट्रक्टर समजून घ्यावयाचा असेल तर विद्यार्थिमित्रांनीं हीच वही डोळ्यांपुढें आणावी.

क्लास म्हणजे वहींतील आंखलेला नमुना. नांव, जन्मतारीख वगैरे रकाने या त्याच्या प्रॉपर्टी. त्या नमुन्याबरहुकूम निर्माण होणारा एकेक विद्यार्थी म्हणजे ऑब्जेक्ट. आणि तो निर्माण होतांच रकाने भरून घेणारा जो कारकून, तोच कन्स्ट्रक्टर. त्याचें नांव क्लासचेंच असतें व एका ऑब्जेक्टासाठीं तो एकदांच कामास येतो.

रकाना भरावयाचा राहिला तर जावा मुकाट्यानें संख्येच्या जागीं शून्य ठेविते व नांवाच्या जागीं 'नल', म्हणजे कांहींच नाहीं. जन्मवर्ष शून्य धरून वय काढावें तर पहिलींतील मूल दोन हजार वर्षांचें भरतें! आमच्या वर्गांत तर कारकून चिठ्ठीवरील नांव वहींत न उतरवितां पुन्हा त्याच चिठ्ठीवर लिहितो, असा प्रकार वारंवार घडतो. प्रॉपर्टी व बाहेरून आलेलें मूल्य यांचें नांव एकच असतां प्रॉपर्टीच्या आधीं 'धिस' हा शब्द लावला नाहीं म्हणजे असें होतें.

कोरा रकाना निदान ओळखूं येतो. खरी अडचण भरलेल्या रकान्याची आहे. पूर्वीं पुष्कळ आयांस मूल रोवणीच्या दिवसांत झालें एवढेंच ठाऊक असे. (ख्रिस्ती कुटुंबांस बाप्तिस्म्याच्या नोंदीचा आधार होता, तोही सर्वांस नव्हे.) मास्तर मग १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रांत १ जूनचे जन्म इतके कीं ३१ मे रोजीं सरकारी कचेऱ्यांतून निवृत्तांची रांगच लागते. त्या मास्तरांस कोणी हंसतात; आम्ही हंसत नाहीं. तारीख नाहीं म्हणून पोर दारांतून परत गेलें नाहीं, हें थोडें नव्हे. मात्र खरी १ जून कोणती व गृहीत कोणती, हें त्या वहीवरून आतां कोणासही सांगतां येत नाहीं. आज्ञावलींत गृहीत मूल्य खुशाल घालावें, पण तें गृहीत आहे हेंही शेजारीं नोंदवावें, असा आमचा आग्रह आहे.

नमुनाही बदलतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें व आडनांव, असा क्रम महाराष्ट्र शासनानें बंधनकारक केला. कन्स्ट्रक्टरानें एक मूल्य अधिक मागावयाचें, एवढेंच. जुने ऑब्जेक्ट मात्र आपोआप दुरुस्त होत नाहींत. हें ऐकून एका विद्यार्थिनीनें आपल्या आजीच्या आईचें नांव विचारून आणिलें. तें सांगूं शकणारें एकच माणूस गांवांत उरलें होतें.